कोरं पातेलं

छोटीला एकावन्नावं लागलं होतं, चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता, तरी घरात ती छोटीच. हे नाव तिला ताईनं ठेवलं होतं, आणि ताईनं एकदा ठेवलेली गोष्ट, मग ते नाव असो की फडताळातला डबा, तिथून हलवायची कुणाची छाती नव्हती.

रंगाच्या कारखान्यात मात्र तिला 'शेडवाल्या बाई' म्हणत आणि जरा दबकूनच असत. गिऱ्हाईक जुन्या दरवाजाची ढलपी घेऊन यायचं, उशीचा अभ्रा घेऊन यायचं, एकदा तर एकजण वाळलेलं पान पाकिटात घालून आला होता. "अस्साच रंग पाहिजे," गिऱ्हाईक म्हणायचं. बाई ती वस्तू खिडकीशी धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि दोन थेंब काळा, अर्धा थेंब पिवळा असं करत तासाभरात तोच रंग डब्यात उतरवायच्या. बावीस वर्षांत त्यांचा एक डबा परत आला नव्हता.

असा बाहेर दरारा, आणि घरी स्वयंपाकाचा विषय निघाला की पत शून्य. कारण ताई. ताईच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. घरातलं प्रत्येक जेवण ताईकडे व्हायचं. प्रत्येक वाढदिवस, प्रत्येक निकाल, प्रत्येक 'सहज जमूया' ताईच्या टेबलाभोवती. "मी काय आणू?" असं छोटीनं विचारलं की उत्तर ठरलेलं, "तू आपली बर्फ आण." सव्वीस वर्षं ती बर्फ आणत होती. सगळेजण ताटावर तुटून पडलेले असायचे आणि ही आपली पिशवीतून टपटपणारं पाणी पुसत उभी.

मध्ये एकदा हिय्या करून तिनं सॅलड नेलं होतं. ताईनं एक घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाली, "खाल्लं जातं." आता हे ऐकून एखाद्याला वाईट वाटेल, पण ज्याला ताईची गुण द्यायची रीत ठाऊक आहे त्याला वाटणार नाही. 'पोटात जाईल' म्हणजे नापास. 'खाल्लं जातं' म्हणजे काठावर पास. 'ठीक' म्हणजे पहिला वर्ग. 'छान' हा शब्द ताईनं जेवणाबद्दल वापरलेला कुणाच्या ऐकिवात नव्हता. स्वतःच्या मुलीच्या लग्नात, दोन्हीकडचे पाहुणे जेवत असताना, तिनं आचाऱ्याला भर हॉलमध्ये बोलावून भातात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं होतं. जावई तेव्हापासून तिच्यासमोर जेवताना प्रत्येक घासाला मान डोलावतो. त्या बिचाऱ्याला तेवढंच सुरक्षित वाटतं.

तर ह्या ताईला साठ वर्षं पूर्ण होणार होती, आणि छोटीनं ठरवलं की ते जेवण आपण करायचं. तिला बाकी काही नको होतं. सगळ्यांच्या देखत ताईनं आपल्या हातचं खाऊन 'छान' म्हणावं, एवढंच. एकावन्नाव्या वर्षी माणसानं असल्या गोष्टीचा ध्यास घ्यावा का, असं कुणी म्हणेल. पण ज्याला थोरली बहीण आहे तो म्हणणार नाही.

फोन करण्यापूर्वी तिनं कागदावर सहा मुद्दे लिहून काढले. ताई कुठे अडवेल, मग आपण काय म्हणायचं, सगळी तयारी.

"ताई, तुझ्या वाढदिवसाचं जेवण ह्या वेळी माझ्याकडे."

"बरं," ताई म्हणाली.

छोटीचा पहिला मुद्दा तोंडातच राहिला. "बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. रविवार आहे ना? दुपारी येतो आम्ही."

छोटीनं फोन ठेवला आणि नवऱ्याला बातमी दिली. नवरा ग्रंथपाल. तो हातातल्या पुस्तकात बोट घालून म्हणाला, "ताई नुसतं 'बरं' म्हणाल्या? तब्येत ठीक आहे ना त्यांची?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची असते," छोटी म्हणाली. तसं तिच्याही मनात आलं होतं की ह्या सात-आठ महिन्यांत ताईनं कुणाला जेवायला बोलावलं नाही. पण माणूस साठीला आलं की थकतं, असं म्हणून तिनं तो विचार बाजूला सारला. हातात तीन आठवडे होते आणि ती कामाला लागली.

बेत ठरला. लाल भोपळा भाजून त्याचं सूप, लसूण-लिंबातलं भाजलेलं चिकन आणि बटाटे, मटार घातलेला भात, शेवटी सफरचंदाचा केक. नवऱ्यानं वाचनालयातून पाककृतींची नऊ पुस्तकं आणून दिली आणि वर "पानांवर तेलाचे डाग पाडू नकोस" असा दमही भरला. छोटीनं एक वही घातली. प्रयोग क्रमांक, तारीख, काय घातलं, किती घातलं, कुणी चाखलं, काय म्हणाला. भोपळा तिनं चमच्यानं मोजलाच नाही, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये तोलला.

आता इथे तिच्या कामातल्या दोन नियमांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. पहिला नियम असा की सगळाच माल रंगवून बसायचं नाही. निम्मा कोरा ठेवायचा. रंग चुकून गडद झाला तर कोरा मिसळून फिका करता येतो, कोराच उरला नसेल तर मग कपाळाला हात लावायचा. दुसरा नियम, चिठ्ठी डब्याच्या अंगाला लावायची, झाकणाला नाही. झाकणं इकडची तिकडे होतात. हा दुसरा नियम ती नव्यानं लागलेल्या मुलींना पहिल्या दिवशी सांगायची, दुसऱ्या दिवशी विचारायची आणि तिसऱ्या दिवशी त्यावरून बोलायची.

पहिला नियम तिनं जसाच्या तसा स्वयंपाकघरात आणला. सूप नेहमी दोन पातेल्यांत. एका पातेल्यात मीठ, लिंबू, मिरपूड, आलं, सगळं. दुसऱ्यात नुसता भाजून वाटलेला भोपळा आणि पाणी, म्हणजे कोरं. पहिल्यात मीठ जास्त झालं तर दुसऱ्यातलं दोन डाव ओतायचं. पद्धत तशी बिनतोड होती, भांडी तेवढी दुप्पट घासावी लागत आणि ती नवरा घासायचा.

चाखायला माणसं हवीत. नवऱ्याचा उपयोग नव्हता. तो समोर येईल ते "मस्त" म्हणून खायचा आणि पान उलटायचा. म्हणून छोटी रोज एक डबा कारखान्यात न्यायची आणि स्टोअरकीपरला गाठायची. हा गृहस्थ खाण्यात चोखंदळ होता, निदान पहिले पाच दिवस तरी.

"मीठ अंगाबरोबर आहे, बाई. मिरपूड जरा वाढवा," तो सुरुवातीला मन लावून सांगायचा.

नवव्या प्रयोगाला तो म्हणाला, "बाई, आज कालच्यापेक्षा भोपळ्याची चव जास्त लागते."

"भोपळा तेवढाच आहे. तुमचं लक्ष कुठे आहे?"

"लक्ष भोपळ्यातच आहे हो. घरी बायकोनं काल विचारलं, तुमचा चेहरा पिवळा का दिसतो."

तेराव्या प्रयोगाला त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पण सतराव्या प्रयोगाला त्यानं डबा पुसून रिकामा केला आणि म्हणाला, "हेच. ह्यात आता हात घालू नका." छोटीनं वहीत तारखेखाली दोन रेघा ओढल्या. रंग जमला की ती अशाच रेघा ओढायची.

रविवार उजाडला. छोटी सहाला उठली आणि अकरापर्यंत तिनं कुणाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. भोपळा भाजला, वाटला, दोन पातेल्यांत निम्मा-निम्मा केला. दोन्ही पातेली एकाच मापाची, एकाच दुकानातली. पहिल्यात मीठ-मसाला घातला, चाखला, थोडं मीठ, परत चाखला, दोन थेंब लिंबू, परत चाखला. सतरावा प्रयोग हुबेहूब उतरला. एकावर 'तयार' आणि दुसऱ्यावर 'कोरं' अशा चिठ्ठ्या लावायला ती गेली, तर गरम पातेल्याच्या घामेजलेल्या अंगाला चिठ्ठी काही चिकटेना. दोनदा गळून पडली. दारावरची घंटा वाजायला वीस मिनिटं होती. छोटीनं इकडेतिकडे पाहिलं आणि चिठ्ठ्या झाकणांवर लावून टाकल्या.

ती साडी बदलायला आत गेली आणि इकडे ग्रंथपाल वासावर आले. त्यांनी डाव्या हातानं एक झाकण उचललं, उजव्या हातानं दुसरं. दोन्ही पातेल्यांवर नाक फिरवलं, "वा" म्हणाले आणि झाकणं ठेवून दिली. आता हात दोन आणि झाकणं दोन असताना ती आपापल्या जागी जायला काय हरकत होती? पण माणसाचं मन पुस्तकात असलं की हातांना कोण विचारतो.

ताई आली. बरोबर भाऊजी, भाची आणि मान डोलावणारा जावई. ताईनं नवी साडी नेसली होती आणि जरा वाळलेली दिसत होती. छोटीनं तिला टेबलाच्या टोकाला बसवलं, 'तयार' लिहिलेलं झाकण उघडलं, सहा वाट्या भरल्या, वर कोथिंबीर पेरली. वाढण्यापूर्वी चाखावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण सकाळपासून अकरा वेळा चाखून झालं होतं. दहा शेड बघितल्या की डोळा दमतो आणि अकरावी खोटी दिसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तसंच जिभेचं असणार. तिनं वाट्या बाहेर नेल्या आणि उभीच राहिली.

"बस की गं," ताई म्हणाली.

"तू घे आधी."

ताईनं चमचा तोंडाला लावला. तिच्याबरोबर बाकीच्यांनीही लावला. भाचीनं चमचा वाटीत ठेवला आणि तिची नजर टेबलभर काहीतरी शोधत फिरली. ग्रंथपालांनी, ज्यांना आजवर सगळंच मस्त लागलं होतं, भुवया वर केल्या. भाऊजी मुकाट्यानं गिळत राहिले. जावयानं सवयीनं मान डोलावली.

"छान," ताई म्हणाली. "छान झालंय, छोटे. मीठ अगदी बेताचं."

भाऊजींच्या हातातला चमचा हवेतच थांबला. छोटीला तर काय करू आणि काय नको असं झालं. सव्वीस वर्षं! सगळ्यांच्या देखत! तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता स्टोअरकीपरला फोन करावा. ती खुर्चीत बसली आणि तिनं आनंदानं एक भरगच्च चमचा तोंडात घातला.

सूप अळणी होतं. नुसतं अळणी नाही, त्यात मीठ नव्हतं, लिंबू नव्हतं, मिरं नव्हतं, काही म्हणता काही नव्हतं. भोपळा आणि गरम पाणी. कोरं पातेलं. झाकणं! तिला त्या दोन चिठ्ठ्या डोळ्यांसमोर दिसल्या आणि नव्या मुलींना ऐकवलेली सगळी भाषणं एकदम आठवली.

पुढचा विचार असा आला की ताई आपलं मन राखतेय. तो विचार जेमतेम टिकला. ताई? मन राखतेय? स्वतःच्या मुलीच्या लग्नात जिनं आचाऱ्याला सोडलं नाही ती? छोटीनं हळूच मान वर करून पाहिलं. ताई दुसरा चमचा घेत होती. तो गिळला आणि ताईची नजर जावयाच्या चेहऱ्यावर गेली, तिथून भाऊजींच्या, तिथून भाचीच्या. छोटीनं बावीस वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचले होते. ज्याला स्वतःला रंग नीट दिसत नाही असं गिऱ्हाईक अगदी असंच करतं. डबा उघडला की डब्याकडे बघत नाही, बरोबर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघतं आणि मग "हाच हवा होता" म्हणतं.

ताईला चव लागत नव्हती. जावयानं मान डोलावली म्हणून सूप छान होतं.

"मावशी, अगं मीठ—" भाचीनं तोंड उघडलं.

छोटीकडे फार वेळ नव्हता. 'पातेलं चुकलं' एवढं म्हटलं असतं तर सतरा प्रयोगांचं सूप दोन मिनिटांत टेबलावर आलं असतं आणि सगळ्यांनी बोटं चाटली असती. पण मग मघाशी 'मीठ बेताचं' कुणी म्हटलं होतं, ह्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं असतं.

"मुद्दाम कमी घातलंय," छोटी म्हणाली. "ताईला आणि मला असंच आवडतं. तुम्ही तरुण मंडळी वरून घ्या." तिनं मिठाची आणि मिरपुडीची डबी भाचीपुढे सरकवली. भाचीनं आईकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि मीठ घेतलं. जावयानं मान डोलावत घेतलं. ग्रंथपालांनी एवढं घेतलं की आवाज आला.

वाट्या गोळा करून छोटी आत गेली. तिनं ओव्हनमधलं चिकन बाहेर काढलं. मागोमाग ताई आली. "मी बघते हिला काय हवं-नको ते," असं बाहेर सांगून तिनं दार लोटून घेतलं. ओट्यावर दोन पातेली होती, एक निम्मं झालेलं, एक काठोकाठ भरलेलं. ताईनं भरलेल्या पातेल्यातलं चमचाभर सूप घेतलं, तोंडात धरलं, गिळलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"ह्यात मीठ आहे?"

"आहे," छोटी म्हणाली.

"आणि आम्ही खाल्लं त्यात?"

खोटं बोलायला छोटी लहानपणापासून कच्ची. आज एकदा जमलं होतं, दुसऱ्यांदा जमेना. "नव्हतं," ती म्हणाली.

ताई स्टुलावर बसली. तिथेच कोपऱ्यात, भांडी पुसायच्या फडक्याशेजारी, नव्या साडीत. "थंडीत मला सर्दी झाली होती बघ. सर्दी गेली. हे गेलं ते परत आलंच नाही. वास नाही, चव नाही. गरम कळतं, गार कळतं, झोंबलं तर कळतं. बाकी सगळं कागद चावल्यासारखं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात. कधी ते त्यांनाही माहीत नाही."

"भाऊजींना सांगितलंस?"

"काय सांगू? ते कधी तोंड उघडतील तर ना! परवा भाजीत दोनदा मीठ पडलं असणार. तर हा माणूस चार ग्लास पाणी प्यायला आणि झोपायला गेला." ताईला हसू आलं आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "हाताच्या सवयीनं करते गं. जुनं तेवढंच. हात चुकला तर चुकला हेसुद्धा कळत नाही. म्हणून कुणाला बोलवायची भीती वाटते. तू फोन केलास ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. लोकांच्या ताटातलं मीठ काढत जन्म गेला माझा. आता कुठल्या तोंडानं सांगू की मला काही लागत नाही?"

जिच्या एका शब्दासाठी छोटी आयुष्यभर झुरली होती तिचा आता तिला नुसता कळवळा आला. तिनं चिकनवर लिंबू पिळलं. काहीतरी करायला हवं म्हणून पिळलं.

"ते 'छान' मी परत घेते," ताई पदरानं नाक पुसत म्हणाली. "ते काही खरं नव्हतं. तुझं सूप मी अजून खाल्लेलंच नाही. तू मला सांग कसं झालंय ते."

"म्हणजे?"

"चाख आणि सांग. नीट सांग. नुसतं 'चांगलं झालंय' म्हणू नकोस, ते तुझा नवरासुद्धा म्हणतो."

छोटीनं चमचा घेतला. रंग सांगायची तिला सवय होती. निळा म्हणजे कुठला निळा, त्यात लाल किती, उन्हात कसा आणि दिव्याखाली कसा. तसंच ती सांगू लागली. "आधी भोपळा येतो. गोड, पण साखरेसारखा नाही, भाजलेल्या कणसासारखा. मीठ वेगळं लागत नाही, भोपळ्याच्या मागून येतं. मग लिंबू, जिभेच्या दोन्ही कडांना, जरासंच. आलं नाकात चढतं. मिरं गिळल्यावर घशात."

ताईनं डोळे मिटले होते. "आणि सगळ्यात शेवटी?"

"शेवटी काही नाही."

"असं कसं? परत घे. गिळ. आता थांब, बोलू नकोस."

छोटी थांबली. आणि खरंच, सगळं निघून गेल्यावर, अगदी मागे, काहीतरी उरलं होतं. "किंचित कडू आहे," ती आश्चर्यानं म्हणाली.

"भोपळा भाजताना कडा काळ्या झाल्या?"

"झाल्या."

"त्या कापून टाकल्यास?"

"नाही. पुस्तकात तसं नव्हतं."

"पुस्तकात नसतं. टाकायच्या असतात," ताई म्हणाली. सतरा प्रयोगांत, दोन रेघा मारलेल्या वहीत, त्या पिवळ्या पडलेल्या स्टोअरकीपरलाही जे सापडलं नव्हतं ते ताईनं स्टुलावर बसून, काही न चाखता, काढलं होतं. छोटी तिच्याकडे बघतच राहिली.

"बघतेस काय? कडू सोडलं तर बाकी ठीक असणार," ताई म्हणाली. मग फडक्याची घडी घालत, "तू सांगत होतीस ना, तेव्हा मला खावंसं वाटलं गं. आठ महिन्यांत पहिल्यांदा."

आता मात्र छोटीच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"रडू नकोस. माणसं उपाशी बसलीत बाहेर," ताई म्हणाली आणि तोंड धुऊन, साडी सारखी करून, जशी आली होती तशी ताठ बाहेर गेली.

छोटीनं डोळे पुसले, भाताचं भांडं उघडलं, चिकनचा ट्रे हातात घेतला आणि खाली ठेवला. लिंबू पिळलं होतं की नाही? वहीत खूण करायची राहिली होती. राहू नये म्हणून तिनं घाईघाईनं एक आख्खं लिंबू पिळलं आणि ट्रे बाहेर नेला.

सगळ्यांना वाढून झालं. एव्हाना मंडळी भुकेनं कासावीस झाली होती, घास तोंडात गेले. जावई मान डोलावू लागला. ताईनं बटाट्याचा तुकडा खाल्ला. ह्या वेळी तिनं जावयाकडे पाहिलं नाही. सरळ छोटीकडे पाहिलं.

छोटीच्या तोंडातही नेमका पहिला घास होता, आणि तिचा उजवा डोळा आपोआप मिटायला लागला होता. आंबट! दोन लिंबं पडली होती. सगळे ताईच्या तोंडाकडे बघत होते. छोटीनं चेहरा सरळ ठेवून नुसती मान हलवली असती तरी काम भागलं असतं. ताईनं तिच्या शब्दावर, सगळ्यांच्या देखत, 'छान' म्हटलं असतं.

छोटीनं डोळा गच्च मिटला, नाक आक्रसलं आणि ताईला नीट दिसेपर्यंत तसंच ठेवलं.

"लिंबू जास्त झालंय," ताई म्हणाली. तिचा जुना खणखणीत आवाज. "जास्त म्हणजे, दुप्पट पडलंय. लसणाचा पत्ता नाही. खाल्लं जातं, एवढंच."

टेबलावर एकदम जीव आला. "आई, हो ना!" भाची ओरडली. जावयानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान आडवी हलवली. भाऊजी तर मोठ्यानं हसले. "आत्ता कशी बोललीस! मघाशी सुपाला छान म्हणालीस तेव्हा मला काळजीच लागली होती."

छोटी मान खाली घालून बोलणी खात होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. सगळ्यांसमोर तिचं चिकन काठावर पास झालं होतं आणि ते गुण तिनं स्वतःच दिले होते. नवऱ्याला वाटलं, हिला बसलेल्या धक्क्यानं असं होतंय. त्यानं टेबलाखालून तिचा हात धरला.

"पुढच्या रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला," ताईनं जाहीर केलं. मग भाताचं भांडं घ्यायच्या निमित्तानं छोटीच्या बाजूला वाकून ती हळूच म्हणाली, "तू सकाळी नऊला ये. तू आल्याशिवाय मी गॅस पेटवणार नाही."